नाक्याची पायली आणि कोतवालाचं पान

एका खिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात चाळीस माग होते. कुठल्याही गल्लीतून गेलं तरी धोट्याची खटखट कानावर यायचीच. गाव घोंगड्यांचं. मेंढीची लोकर, घरच्या बायकांनी कातलेलं सूत, आणि विणून झाल्यावर वरून चिंचोक्याची खळ. हे खळीचं काम मोठं चिवट. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजत घालायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती चिकट पेज कुंच्यानं घोंगडीत जिरवायची. एक हात झाला की उन्हात वाळवायची. मग दुसरा हात. मग तिसरा. तिसरा हात वाळला की घोंगडी अशी गच्च व्हायची की पाणी तिच्यावरून घरंगळून जायचं.

त्या गावात एक रीत होती. गावात विणलेली घोंगडी बाजारात मांडायच्या आधी चावडीपुढे न्यायची. चार जणांनी चार कोपरे धरायचे, मध्ये झोळ पडू द्यायचा आणि त्या झोळात तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी ओतलं की गावचा कोतवाल पान लावायला घ्यायचा. पान लावून, तोंडात घालून, निवांत चघळून त्यानं पिंक टाकली की वेळ संपली. तोवर खाली थेंब पडला नाही तर घोंगडी खरी. पडला तर शिक्षा काही नाही, लोक हसायचे एवढंच. पण ते हसू इतकं झोंबायचं की माणूस घोंगडी काखेत मारून घरी जायचा आणि बायकोला म्हणायचा, चिंचोके भिजत घाल.

याच गावात सिदाप्पा नावाचा एक विणकर होता. साठी ओलांडलेला, हाडकुळा, कमी बोलणारा. त्याच्या काळ्या घोंगडीच्या एका कोपऱ्यात तीन पांढरे धागे असायचे. ती त्याच्या घराची खूण, बापापासून चालत आलेली. सिदाप्पाची घोंगडी चावडीपुढे कधी गळली नव्हती. त्याची घोंगडी आली की कोतवाल म्हणायचा, "आज मी सुपारी जरा जास्त घालतो, घाई नाही."

मग एका वर्षी खिंडीपलीकडून एक व्यापारी आला. दहा तट्टं, दहाही तट्टांवर घोंगड्या. पलीकडच्या शहरात म्हणे ओढ्याच्या पाण्यावर चाकं फिरतात आणि चाकांवर आपोआप सूत निघतं. घोंगडी पातळ, पण हलकी, काठाला लाल पट्टी, आणि किंमत गावच्या घोंगडीच्या निम्मी. लोकांनी हात लावून बघितलं, अंगावर घेऊन बघितलं, आणि घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? निम्म्या किमतीत ऊब मिळत असेल तर कोण सोडणार?

पुढच्या वर्षी अकरा मागांचे खड्डे बुजले. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, त्यामुळे खड्डा बुजला म्हणजे त्या घरातला धंदाच बुजला. एका घरी तर त्या खड्ड्यात खुराडं झालं. सिदाप्पाचा सख्खा भाऊ बायकामुलांना घेऊन दगड फोडायला निघून गेला. आणि एका सकाळी सिदाप्पाची बायको गोदव्वा टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि तिनं विचारलं, यंदा चिंचोके किती गोळा करू? सिदाप्पानं टोपली तिच्या हातातून काढून घेतली. जन्मात पहिल्यांदा ती रिकामी टोपली तशीच खुंटीला अडकवली गेली.

त्याच दिवशी तो पाटलीणबाईंकडे गेला. पाटील वारल्यापासून गावचा कारभार बाईच बघत. सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि ऐकता ऐकता शेंगा सोलायच्या. शेंगा सोलणारे हात थांबले की समजायचं, आता बाई बोलणार.

सिदाप्पानं आपलं म्हणणं सांगितलं. खिंडीत नाका आहे, नाक्यावर परक्या घोंगडीमागे एक पायली जोंधळा घ्यावा. म्हणजे तिची किंमत आमच्या घोंगडीच्या जवळ येईल आणि आमचे माग बंद पडणार नाहीत.

चावडीत गाव जमलं होतं. त्यात मायव्वा नावाची एक मेंढकीण होती. वर्षातले आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारी, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "सिदूमामा, ती पायली व्यापारी काय स्वतःच्या घरून आणणार? किंमत वाढवून माझ्याकडूनच काढणार. तुमचा माग चालावा म्हणून जोंधळा माझ्या पोटातला जायचा."

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं.

व्यापारीही तिथंच होता. त्यानं गोडीत सांगितलं की माझी तट्टं इकडे येताना घोंगड्या आणतात, पण जाताना तुमचा गूळ आणि तुमची लोकर घेऊन जातात. वाट दोन्ही बाजूंनी चालते. एका बाजूनं दगड टाकला तर दुसऱ्या बाजूलाही अडखळायला होतं. हेही खोटं नव्हतं.

बाईंचे हात थांबले. त्यांनी सिदाप्पाला विचारलं, "किती दिवस घ्यायची ही पायली?"

"तीन वर्षं द्या, बाई," सिदाप्पा म्हणाला. "घर सावरू द्या. तीन वर्षांत आम्ही असं विणू की नाका राहिला काय आणि गेला काय, आम्हाला फरक पडणार नाही."

बाईंनी मायव्वाकडे बघितलं. मायव्वा थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "सिदूमामाची घोंगडी गळत नाही, हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं मी जास्त मोजीन. पण माझी मेंढरं कोरडी राहिली पाहिजेत."

असं ठरलं. नाक्यावर मापाची लाकडी पायली टांगली गेली. येणारा जोंधळा गावच्या जमिनीखालच्या पेवात पडू लागला, अडल्यानडल्याला उपयोगी पडावा म्हणून.

आणि खरंच, उपाय लागू पडला. व्यापाऱ्याची घोंगडी महाग झाली तशी माणसं पुन्हा गावच्या घोंगडीकडे वळली. बुजलेले खड्डे उकरले गेले. खुराड्यातल्या कोंबड्या हुसकावल्या गेल्या, त्या चार दिवस रागानं गल्लीभर फिरत होत्या. सिदाप्पाचा भाऊ परत आला. गोदव्वानं खुंटीवरची टोपली काढली. एका वर्षात चाळीसचे चाळीस माग खटखटायला लागले आणि गाव पुन्हा गावासारखं वाटायला लागलं.

इथवर सगळं चांगलं झालं. पुढं जे झालं ते वाईट मनानं कुणी केलं नाही, घाईनं झालं.

घोंगड्यांना मागणी इतकी की विणून हात दुखायला लागले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खळीचा तिसरा हात वाळायला अख्खा दिवस जातो. तेवढ्यात दुसरी घोंगडी चढवता येईल. तिसरा हात गेला. गिऱ्हाइकानं काही तक्रार केली नाही, कारण घ्यायची तर इथंच, पलीकडची महाग. पुढल्या वर्षी दुसरा हातही गेला.

आता राहिली चावडीपुढची परीक्षा. खळीचा एकच हात दिलेल्या घोंगडीत पाणी कितीसं टिकणार? ही रीत मोडायची हिंमत कुणात नव्हती. पण कोतवालाला पान गावातूनच मिळायचं, आणि ते द्यायची पाळी विणकरांची. तर पान लहान होत गेलं. आधी तळहाताएवढं पान असायचं, मग निम्मं पान आलं, मग नुसता तुकडा. सुपारी आधी फोडून, चुना आधी लावून, सगळं तयार हातात. कोतवाल थट्टेत म्हणायचा, "आता मला एक लवंगच द्या, गिळून टाकतो." सगळे हसायचे. पूर्वी हसू गळक्या घोंगडीला मिळायचं, आता ते कोतवालाच्या पानाला मिळायला लागलं. हा फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. सिदाप्पाच्याही नाही. त्याचाही तिसरा हात गेला होता, मग दुसराही, आणि एके दिवशी तोही पानाचा तुकडा घेऊनच चावडीवर आला होता.

तिसरं वर्ष सरत आलं. पुढच्या बाजारी पायलीचा निकाल व्हायचा होता. विणकर एका घरी जमले. त्यांच्यात मलकू नावाचा एक धडधाकट विणकर होता, बोलण्यात पुढे. तो म्हणाला, पायली काढली तर आपण मेलो, उलट आता दोन पायल्या मागू. कुणीतरी आठवण दिली की सिदाप्पानं तीन वर्षंच मागितली होती. मलकू म्हणाला, बोलणं एक आणि पोट एक. मग ठरलं की बोलायचं सिदाप्पानंच, कारण बाईंपुढे वजन त्याच्याच शब्दाला. सिदाप्पानं मान डोलावली. मनात थोडं खुपलं, पण मान डोलावली.

बाजाराच्या दोन दिवस आधी मायव्वा त्याच्या दारात आली. रानातून थेट आली होती, पायांवर चिखल वाळलेला. तिनं पाठीवरची घोंगडी काढून ओट्यावर टाकली. घोंगडी ओल्या राखेसारखी मऊ पडली होती.

गोदव्वानं पाणी दिलं. मायव्वा पाणी प्याली आणि मग शांतपणे सांगायला लागली. माळावर अवकाळी पावसानं गाठलं, गारांसकट. आडोसा कुठंच नव्हता. आठ दिवसांची कोकरं होती. ती तिनं एका जागी गोळा केली आणि चार काठ्या रोवून वर ही घोंगडी ताणली. पूर्वी असंच करायची, कोकरं कोरडी राहायची. या वेळी पाणी चाळणीतून गळावं तसं गळलं. सकाळी बघितलं तर सात कोकरं थंड पडलेली.

"मी बाजारात सिदूमामाची म्हणूनच घेतली होती," मायव्वा म्हणाली. "पण नवऱ्याला म्हटलं, ही सिदूमामाची असायची नाही. कुणीतरी त्याची खूण चोरून घातली असेल. मामाला दाखवते, म्हणजे त्याला कळेल त्याच्या नावावर काय खपतंय ते."

तिनं कोपरा उलटून दाखवला. तीन पांढरे धागे.

सिदाप्पानं तो कोपरा हातात घेतला. धाग्यांचा पीळ उजवीकडून डावीकडे होता. असा पीळ सगळ्या गावात एकच माणूस देत होता, कारण त्याच्या उजव्या हाताचा अंगठा लहानपणी मोडून वाकडा बसला होता. घोंगडी त्याचीच होती. त्यानं ती घडी करून मांडीवर घेतली. शेवटी एवढंच म्हणाला, "ही इथं ठेव. बाजाराच्या दिवशी चावडीवर ये."

मायव्वा गेल्यावर गोदव्वा त्याच्याकडे बघत राहिली. तीही जाणून होती, खळ तिच्याच हातची होती. तिनं चिंचोक्याची टोपली ओढली आणि सोलायला बसली.

त्या दोन दिवसांत सिदाप्पानं मागाला हात लावला नाही. खड्ड्यात पाय सोडून नुसता बसून राहायचा. खरं सांगितलं तर पायली जाणार, पायली गेली तर खड्डे पुन्हा बुजणार, भाऊ पुन्हा दगड फोडायला जाणार. आणि नाही सांगितलं तर? तर कोणी ओळखणार नाही. मायव्वाला तर तो चोर दुसराच कुणी वाटत होता. तिचा हा विश्वासच त्याला स्वस्थ बसू देईना.

बाजाराच्या दिवशी चावडी भरली. पाटलीणबाई शेंगा घेऊन बसल्या. मलकूनं सिदाप्पाला कोपरानं ढोसलं, बोल.

सिदाप्पा उठला आणि म्हणाला, "बाई, बोलायच्या आधी तांब्याभर पाणी मागवा. आणि कोतवालाला पान द्या. अख्खं, पूर्वीसारखं."

एक कुजबूज उठली आणि विरली. सिदाप्पानं ती घोंगडी उलगडली. एक कोपरा त्यानं धरला, दुसरा मायव्वाला दिला, तिसरा मलकूला. चौथा धरायला कुणी पुढे येईना, तेव्हा व्यापाऱ्यालाच बोलावलं. पाणी ओतलं. कोतवालानं पान हातात घेतलं, डबीतून चुना काढायला बोट घातलं, आणि तेवढ्यात खाली धार लागली. पानाला चुनाही लागला नव्हता.

कुणी हसलं नाही.

"ही माझी घोंगडी आहे," सिदाप्पा म्हणाला. "खूण कुणी चोरलेली नाही. मायव्वा, तुझी सात कोकरं माझ्या हातानं गेली."

मायव्वाच्या हातातून कोपरा सुटला.

मग सिदाप्पानं व्यापाऱ्याला त्याची एक घोंगडी मागितली. तीही तशीच धरली, तेवढंच पाणी ओतलं. कोतवालानं चुना लावला, सुपारी घातली, पान तोंडात घातलं. निम्मं पान चघळून होईपर्यंत घोंगडी कोरडी होती. मग कुठं एक थेंब पडला.

बाईंनी व्यापाऱ्याला विचारलं, तीन वर्षांपूर्वी तुझी घोंगडी इतकी घट्ट नव्हती, आता कशी झाली? व्यापारी म्हणाला, "पायली भरून वर गिऱ्हाईक मिळवायचं, तर माल सुधारल्यावाचून गत्यंतर नव्हतं, बाई. नाहीतर तुमच्या गावात माझं कोण घेतलं असतं?"

नाक्यावरच्या पायलीनं ज्यांना सांभाळायचं ते ढिले पडले होते, आणि ज्याला अडवायचं तो सुधारला होता.

बाईंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, "सिदाप्पा, मग पायली काढून टाकू?"

"आज काढलीत तर दिवाळीपर्यंत माग बंद पडतील," सिदाप्पा म्हणाला. "आमचं चुकलं, पण आमचा हात मेलेला नाही. पायली ठेवा, पण पाण्याला बांधून ठेवा. दर बाजारी चाळीस मागांतली एक घोंगडी उचलायची. कोतवालाचं पान अख्खं, आणि ते विणकरांनी द्यायचं नाही. पाणी टिकलं तर पायली घ्या. गळलं, तर पुढच्या बाजारापर्यंत नाका मोकळा. शेटजींनी खुशाल यावं."

"आणि घोंगडी उचलायची कुणी?" बाईंनी विचारलं.

"मायव्वानं. ती रानात असेल तेव्हा दुसऱ्या मेंढकिणीनं. ज्याला पांघरायची आहे त्यानं."

मलकू म्हणाला, एकाची घोंगडी गळली म्हणून चाळीस घरांनी सोसायचं, हा कुठला न्याय? सिदाप्पा म्हणाला, "पायली चाळीस घरांना मिळते. गळतीही चाळीस घरांची."

बाईंनी तसंच ठरवलं.

पुढचे दिवस सिदाप्पाला सोपे गेले नाहीत. पहिल्या बाजारी घोंगडी गळली आणि नाका मोकळा झाला. दुसऱ्या बाजारीही गळली. तिसऱ्याही. व्यापाऱ्याची तट्टं येत राहिली. विणकरांनी सिदाप्पाला चिलीम द्यायची बंद केली. मलकू जाता येता ऐकवायचा, की म्हाताऱ्यानं स्वतःच्या घोंगडीला भोक पाडलं ते पाडलं, आमच्याही पाडलं. सिदाप्पा ऐकून घ्यायचा आणि गोदव्वाच्या शेजारी बसून चिंचोके सोलायचा.

पण एक गोष्ट घडायला लागली होती. आता शेजाऱ्याची घोंगडी कशी आहे याची काळजी प्रत्येकाला लागली. ज्याची खळ पातळ, त्याच्या दारात चार जण जाऊन उभे राहायचे, आणि ते भांडायच्या ऐवजी कुंचा हातात घ्यायचे. दुसरा हात परत आला. मग तिसरा. व्यापाऱ्याच्या पातळ घोंगडीत पाणी टिकतं, तर तिचं सूत कसं, हे मलकूनं एक घोंगडी विकत घेऊन, उसवून बघितलं, आणि आपल्या बायकोला तसं कातायला सांगितलं. सहाव्या बाजारी मायव्वानं डोळे मिटून घोंगडी उचलली, ती मलकूची निघाली. कोतवालानं पान लावलं, चघळलं, पिंक टाकली. खाली धूळ तशीच कोरडी होती. मलकूनं चिलीम भरली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सिदाप्पापुढे धरली.

सिदाप्पानं मायव्वासाठी एक घोंगडी विणली, तीन हातांच्या वर चौथा हात दिला आणि किंमत न सांगता तिच्यापुढे ठेवली. मायव्वानं ती घेतली नाही. म्हणाली, "किंमत सांगा. फुकट घेतली तर गळल्यावर बोलायला तोंड राहत नाही."

त्यानं किंमत सांगितली आणि तिनं दिली.

वर्षं गेली. व्यापारी येत राहिला, पण आता जाताना गूळ आणि लोकरीबरोबर गावच्या घोंगड्याही नेऊ लागला. हलक्या घोंगड्या तो इकडे विके, आणि गच्च घोंगड्या तिकडे. ज्याला जी हवी ती तो घेई. मग एका बाजारी विणकरांनी आपणहून बाईंना सांगितलं की पायली उतरवा. बाईंनी कोतवालाला पाठवलं, पण तो हात हलवत परत आला. पायलीत चिमणीनं घरटं केलं होतं. बाई म्हणाल्या, राहू दे टांगलेली, आता तिचा कुणाला त्रास नाही.

घोंगडीची पाण्याची परीक्षा मात्र थांबली नाही. कोतवालाचे दात पडले आणि एक पान चघळायला त्याला दुप्पट वेळ लागायला लागला, तरी कोपरे धरणाऱ्या चौघांनी कधी कुरकुर केली नाही.

शेवटी एक दिवस व्यापाऱ्यानं निरोप आणला. पलीकडच्या शहरातले विणकर त्यांच्या मुखियाकडे गेले आहेत. म्हणतात, खिंडीपलीकडून येणाऱ्या घोंगडीवर पायली लावा, नाहीतर आमची चाकं थांबतील. चावडीतले तरुण विणकर चिडले. म्हाताऱ्या सिदाप्पाला मात्र आपली ती सकाळ आठवली, गोदव्वाच्या हातातली रिकामी टोपली आठवली. त्याला राग आला नाही.

तो व्यापाऱ्याला म्हणाला, "त्यांना म्हणावं, लावा पायली. आमच्यावरही अशी वेळ आली होती. फक्त तिच्याशेजारी तांब्याभर पाणी ठेवा, आणि पान अख्खं द्या."

तात्पर्य: आपल्या माणसाच्या धंद्याला आडोसा जरूर द्यावा, पण आडोसा दिला म्हणून त्याच्या मालाची परीक्षा सोडू नये, आणि ती परीक्षा नेहमी घेणाऱ्याच्या हातात असावी, विकणाऱ्याच्या नव्हे.